मदत हवी आहे : नाटकातील ट्रंपेटवादनाबाबत

परभणीतील आमची हौशी नाट्यसंस्था राज्य नाट्य स्पर्धेसाठी एक दोन अंकी नाटक बसवत आहे. १९५०च्या दशकात मुंबईच्या हॉटेलांत जॅझ आणि सिनेमाच्या वाद्यवृंदात ट्रंपेट वाजवणारा कलावंत बऱ्याच वर्षांनी मराठवाड्यातील आपल्या गावी परततो, असे कथानक आहे. चिक चॉकलेट यांच्यासारखे वादक सी. रामचंद्रांच्या गाण्यांत वाजवत असत, तो काळ आम्हाला मनापासून उभा करायचा आहे.

अडचण वादनाची आहे. नटाला ट्रंपेट येत नाही. ध्वनिमुद्रण लावले, तर तीन कळांवरची त्याची बोटे आणि ऐकू येणारे सूर जुळत नाहीत, आणि पहिल्या रांगेतील प्रेक्षकाच्या ते लगेच लक्षात येते. लग्नाच्या बँडमधील एक जाणते वादक विंगेतून वाजवायला तयार आहेत. त्यांचा दमसास फार उत्तम आहे (अशा वादकांना रंगभूमीवर जागा मिळायलाच हवी), परंतु जॅझमधील स्विंग, म्हणजे स्वरांच्या जोडीतला पहिला लांबवून दुसरा आखूड करण्याची चाल, त्यांच्या अंगवळणी पडलेली नाही.

ती त्यांना कशी शिकवावी आणि नटाकडून निदान एका सुरावटीपुरती बोटे कशी बसवून घ्यावीत, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथे कोणी शिकवणारे असल्यास तेही कळवावे.