'ऊन लागणं' आणि 'उष्माघात' यांच्या मधल्या अवस्थेला शब्द सुचवा

तापीकाठ
मंडळी, मदत हवी आहे. गावच्या उपकेंद्राच्या भिंतीवर उन्हाळ्याचा फलक रंगवायचाय आणि मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. (यावल तालुका. चोपडेकरांनी नाक मुरडू नये.) मूळ इंग्रजी कागदात दोन वेगळ्या गोष्टी आहेत : हीट एक्झॉशन आणि हीट स्ट्रोक. पहिल्यात माणूस घामाघूम, गळून गेलेला, मळमळतंय, डोकं ठणकतंय, पण बोलतोय नीट. दुसऱ्यात अंगाचं तापमान ४० अंशांच्या वर, आणि माणूस काहीबाही बोलतोय, झटके येतायत किंवा शुद्धच नाही. पहिल्याला सावली, पाणी, विश्रांती बहुतेक वेळा पुरते. दुसऱ्याला उशीर झाला तर जीव जातो.

दुसऱ्याला 'उष्माघात' हा सरकारी शब्द आहेच. पहिल्याला काय म्हणू? 'उष्णतेमुळे येणारा थकवा' लिहिलं तर आशाताई म्हणाल्या, "मॅडम, केळीच्या बागेत थकवा कुणाला नसतो? वाचून थांबणारे कोण?" आणि 'उष्माघात' वाचून शेजारच्या आबांनी विचारलं, "आघात म्हणजे अंगावरून वारं जातं तेच ना?" बाकी गावात दोन्हीला एकच शब्द, ऊन लागणं. सोमवारी रंगारी येतोय.

शुद्धमती
आधी 'ऊष्माघात' असं लिहा. मूळ ऊष्मन्, ऊ दीर्घ. भिंतीवर रंगवलेली चूक कागदावरच्या चुकीपेक्षा जास्त वर्षं टिकते.

दगडी_चाळ_जळगाव
संस्कृत कोशांत उष्मन् आणि ऊष्मन् दोन्ही आहेत. मराठीत आपण 'उष्मा' लिहितो, मग उष्माघातच. आणि आबांचा प्रश्न बरोबर आहे हो. पक्षाघातातला आघात आणि हा आघात, दोन्ही एकाच साच्यातले. इंग्रजीतला स्ट्रोक जसाच्या तसा उचलल्यावर दुसरं काय होणार?

केळीवाला रावेर
आमच्याकडे 'झळ लागली' म्हणतात हलक्याला आणि 'ऊन लागलं' म्हणतात जास्तीला. म्हणजे माझी आई तरी म्हणायची. दुपारी बागेतून आलो आणि डोकं धरून बसलो की "झय लागनी तुले", मग कैरीचं पन्हं. धुळ्याच्या मामाला शेतातून बाजेवर घालून आणलं तेव्हा मात्र सगळे म्हणाले, "ऊन लागी गयं." तेव्हा झय कुणी म्हटलं नाही. तुमचे दोन शब्द घरातच आहेत, मॅडम.

शुद्धमती
'झय' म्हणजे झळच ना? ळ चा य?

केळीवाला रावेर
हो, केळीची केयी, डोळ्याचा डोया. आमच्याकडे ळ उन्हानं वाळून जातो :)

नंदुरबारी
रावेरला अहिराणी कधीपासून? 'लागी गयं' ही धुळे-साक्री-शिरपूरची अहिराणी. रावेर-यावल म्हणजे लेवा आणि तावडी. मामा धुळ्याचे होते म्हणून मामींनी तसं म्हटलं असेल.

केळीवाला रावेर
माझी आईच धुळ्याची. घरात दोन्ही चालायचं. आता ती कोणत्या खात्यात टाकायची ते तुम्ही ठरवा.

निवृत्त_वैद्यकीय
'झळ लागणे' मला पटतो, पण शब्दांच्या आधी एक सांगतो. ३० वर्षांत मी बघितलं त्यात 'उष्माघात' या शब्दानं कुणी दगावलं नाही, 'ताप' या शब्दानं दगावले. मलेरियात किंवा फ्लूत मेंदू स्वतःच शरीराच्या तापमानाची पातळी वर चढवतो. म्हणून थंडी वाजते, गोधडी हवीशी वाटते. पॅरासिटामोल ती पातळी खाली आणतं. ऊन लागलेल्याची पातळी जागच्या जागी असते. बाहेरची उष्णता आणि राबताना स्नायूंत तयार झालेली उष्णता यांना वाट मिळत नाही, म्हणून अंग भट्टीसारखं होतं. तिथे ती गोळी काही करत नाही. पण घरचे कपाळाला हात लावतात, "ताप चढलाय" म्हणतात, गोळी देतात आणि वर चादर घालतात. चादर!

करायचं ते एवढंच : कपडे काढा किंवा सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ किंवा गार फडकं ठेवा, १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. शुद्धीत नसेल तर तोंडात थेंबही घालू नका, श्वासनलिकेत जातो.

आणि 'घाम थांबतो, अंग कोरडं पडतं' ही खूण एकटी फलकावर घालू नका. घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसात ती बहुतेक दिसते. उन्हात कुदळ मारताना कोसळलेला तरुण मात्र घामानं चिंब असू शकतो, आणि तरीही तो उष्माघातच असतो.

तापीकाठ
डॉक्टरसाहेब, फार उपयोगी. म्हणजे मुख्य खूण डोक्याची ठेवायची ना? बोलणं, ओळखणं?

निवृत्त_वैद्यकीय
तीच. नाव विचारा, गाव विचारा. उत्तर भलतंच आलं की वाद न घालता पाणी ओतायला सुरुवात.

भुसावळ_जंक्शन
यात एक गोची आहे. मागच्या मे महिन्यात बाजारात एक हमाल भेलकांडत होता, जीभ जड, डोळे लाल, समोरच्याला शिव्या घालत होता. आजूबाजूचे हसत होते, "सकाळीच टाकून आलाय." एका भाजीवालीनं हात लावून बघितला आणि ओरडली, अंग नुसतं पेटलंय. घागर ओतली तिनं त्याच्या डोक्यावर. मग कुठे बाकीचे हलले. तेव्हा फलकावर 'बरळतो' लिहिलंत तर लोकांना दारूच आठवेल. मला तरी तो शब्द आधी गुत्त्याशीच जोडलेला वाटतो.

ठाण्याचा_भाषाप्रेमी
'झळ' आता आलंकारिक झालाय. महागाईची झळ, युद्धाची झळ. फलकावर वाचून कुणी गंभीर होणार नाही. नवा शब्द घडवायला काय हरकत आहे? ऊनमूर्च्छा, तापक्लांती, उष्मक्लेश...

दगडी_चाळ_जळगाव
तापक्लांती वाचून माणूस आधी कोशाकडे धावेल, मग सावलीकडे.

निवृत्त_वैद्यकीय
आणि मूर्च्छा ही तिसरीच गोष्ट. उन्हात रांगेत उभं राहून राहून रक्त पायांत साठतं, मेंदूला कमी पडतं, माणूस धाडकन पडतो. आडवं करून पाय उंच केले की थोड्या वेळात भानावर येतो. तिला भोवळ किंवा घेरी म्हणतात, तो शब्द आपल्याकडे चांगला आहे.

मुलुंडचा_धुळेकर
ऊन हा शब्दच मुळात दिशाभूल करतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या कार्यक्रमात माणसं उष्माघातानं गेली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. आपल्या धुळ्याच्या माणसाला तो आकडा सांगितला तर हसेल, चैत्रातलं साधं ऊन म्हणेल. फरक ओलाव्याचा. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो, वाळतानाच अंगातली उष्णता घेऊन जातो. खानदेशात वाळतो म्हणून कूलर चालतो, वाळ्याच्या ताट्या चालतात. मुंबईत मेमध्ये कूलर लावून बघा, खोलीत खिचडी शिजेल. म्हणून मुंबईकर 'उकडतंय' म्हणतो, आपण 'तापलंय' म्हणतो. उकडणं पाण्यात, तापणं तव्यावर. दोघांनाही फलकावर ऊन लिहून कसं भागेल? पत्र्याच्या खोलीत रात्री बसल्याबसल्याही होतं हे.

नंदुरबारी
पत्र्याचं खरं आहे. आमच्या जुन्या धाब्याच्या घरात मातीचा जाड थर असायचा माथ्यावर, दुपारी आत ओसरीसारखं वाटायचं आणि रात्री सगळे धाब्यावर झोपायला. आता स्लॅब. दिवसभर पितो आणि रात्रभर ओकतो.

भुसावळ_जंक्शन
'उष्णतेची लाट' या शब्दावरही कुणीतरी बोला. हवामान खात्याच्या नियमात मैदानी भागात पारा निदान ४० हवा आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवा, किंवा सरळ ४५. तेही एका हवामान उपविभागात किमान दोन ठिकाणी, सलग दोन दिवस. आमची मेची सरासरीच चाळिशीच्या पुढे. म्हणजे ४४ ला आम्ही करपून निघतो पण ती 'लाट' नाही. लाट किनाऱ्यावर येऊन परत तरी जाते. आमचं ऊन मार्चमध्ये येतं आणि मृगापर्यंत घरजावई.

शुद्धमती
लाट हा शब्द मला मान्य आहे. थंडीचीही लाट असतेच.

केळीवाला रावेर
केळीला कुणी लाट म्हणत नाही. आम्ही म्हणतो बाग होरपळली. पानं करपतात, दांडा मऊ पडतो, घड सटकतात. बांधावर शेवरी लावायची, वाऱ्याच्या बाजूनं हिरवी जाळी, घडावर वाळलेल्या पानांचं झाकण. पिकाला एवढं करतो आणि मजूर दोन वाजेपर्यंत उघड्यावर. तेव्हा फलकावर पहिली ओळ कामाच्या वेळेची घाला, शब्द काहीही वापरा.

ठाण्याचा_भाषाप्रेमी
कामाची वेळ हा शब्दचर्चेचा विषय नाही.

केळीवाला रावेर
बरं. तुम्ही तापक्लांती घ्या, मी पन्हं घेतो.

दगडी_चाळ_जळगाव
माझा एक लाडका सिद्धांत. नजर लागते, दृष्ट लागते, बाधा लागते, तसं ऊन लागतं. बाहेरून काहीतरी येऊन चिकटतं. म्हणून उतारा पण तसाच : खिशात कांदा, हुंगायला कांदा, तळपायाला कांदा. ऊन उतरवतातच की आपल्याकडे.

निवृत्त_वैद्यकीय
ठेच लागते, भूक लागते, पत्ता लागतो. त्यांना काय उतरवता? कांदा खिशात राहू दे, आक्षेप नाही. कांद्यावर विसंबून १०८ ला उशीर नको.

मुलुंडचा_धुळेकर
'लागणे' वरून आठवलं. माझ्या सासूबाई (कोकण) फोनवर म्हणाल्या, "जावईबापूंना उन्हाळी लागलीय." मला वाटलं साडू उन्हात पडला, मी घाबरून डॉक्टर शोधतोय. नंतर कळलं, लघवीला जळजळ होतेय.

नंदुरबारी
उन्हाळी लागणे म्हणजे तेच, आमच्याकडेही. त्यात काय घाबरायचं? सब्जा द्या.

तापीकाठ
मी तूर्त लिहिलंय : 'झळ लागली : सावलीत बसवा, पाणी पाजा. भलतंच बोलू लागला, ओळखेनासा झाला : अंगावर पाणी ओता, १०८.' उष्माघात खाली कंसात. कुणाची हरकत?

शुद्धमती
कंसात तरी ऊ दीर्घ काढा.

ठाण्याचा_भाषाप्रेमी
'ओळखेनासा' एक शब्द की दोन?

भुसावळ_जंक्शन
आणि ते नाकातून रक्त येतं उन्हाळ्यात, त्याला तुमच्याकडे घोळणा फुटणं म्हणतात का? हा घोळणा म्हणजे नाकाचा नेमका कुठला भाग?

नंदुरबारी
घोळाणा. काना आहे त्यात.

दगडी_चाळ_जळगाव
नाही हो, घोळणा. घोळाणा म्हणजे हरभऱ्याच्या पानांचा, कच्चा.