फ्रिंजला चाळणी नाही म्हणून एवढा त्रागा?

जुनी_इंदुरी

'तिसरी घंटा' यांचा स्कॉटलंडमधल्या एडिनबरावरचा मजकूर वाचला आणि ताटातले पोहे गार झाले. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: लेकीकडे गेले होते, ऑगस्टात तिथल्या 'फ्रिंज' या नाटक-विनोदाच्या महोत्सवाला तीन दिवस, सात प्रयोग, पैकी पाच 'भिकार'. आणि निष्कर्ष असा की, ज्याला कुणी बोलावत नाही त्यालाही तिथे स्टेज मिळतं. आपल्या इंदुरात निदान निवडलेली नाटकं तरी येतात.

अहो, बिनबोलावलेल्यांचाच तो उत्सव आहे! १९४७ साली एडिनबरात मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा आठ मंडळ्या आमंत्रण नसताना जाऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागेत प्रयोग लावले. आजही निवड समिती नाही. जागा शोधा, पैसे भरा, उभे राहा. तीन हजारांवर कार्यक्रम असतात, त्यात पाच भिकार लागले तर नवल काय?

मी २०१९ला गेलो होतो. एका पबच्या तळघरात आम्ही अकरा माणसं. एक मुलगी एकटीच बापाच्या दुकानाची गोष्ट सांगत होती. मधेच भिंतीमागचा फ्रिज घरघरायला लागला. ती थांबली, त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, 'बाबा, झोपा आता.' पुढचा अर्धा तास तो फ्रिज तिचा बाप होता. संपल्यावर दाराशी बादली घेऊन उभी राहिली, कारण प्रवेश फुकट होता. जाताना वाटेल ते टाका. तिची खुर्ची बाजूला व्हायच्या आत पुढचे लोक शिडी घेऊन शिरलेसुद्धा. निवड समितीपुढे हे नाटक गेलं असतं तर फ्रिज दुरुस्त करून घ्या म्हणाले असते.

तिसरी_घंटा

तुम्हाला फ्रिज मिळाला, मला काय मिळालं ते ऐका. पंधरा पौंडांचं तिकीट, खोलीत नऊ माणसं, मी पहिल्या रांगेत. विनोदवीराने विचारलं, कुठून आलात? इंडिया म्हटलं. झालं! कॉल सेंटर, चहा, मान हलवणं, दहा मिनिटं माझ्यावरच. उठून जावं तर बाहेरचा दरवाजा स्टेजच्या पलीकडे. म्हणजे त्याच्या अंगावरून जायचं. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी तिथे बसून हसलो. चाळणी असती तर हा माणूस घरी असता.

कलाकाराला चुकायचा हक्क आहे, मान्य. पण माझ्या पंधरा पौंडांत का?

विंगेतला

काका, तो माणूस भिकार होताच. पण एक सांगू? त्याने तोच कार्यक्रम जवळजवळ महिनाभर रोज केला असणार. विसाव्या दिवशी त्यातला तो चहा गळून पडला असेल, कारण नऊ-नऊ माणसं गप्प बसून त्याला शिकवतात. (तुम्ही हसलात, तिथेच घोळ झाला.)

आपल्याकडे काय होतं? तीन महिने तालीम, प्रयोग एक. नारळ, पुष्पगुच्छ, ग्रुप फोटो, संपलं. मागच्या वर्षी दुसऱ्या अंकात माझी एंट्री चुकली. ती सुधारायला दुसरा प्रयोग झालाच नाही. बाबा डिक्यांच्या नाट्यभारतीसारखी नाट्यसंस्था असलेल्या गावात ही अवस्था. आणि पहिल्या दोन रांगा पासवाल्यांच्या, जे मध्यंतरात कचोरी खायला जातात ते परत येतच नाहीत.

फ्रिंज म्हणजे गरिबांचं नंदनवन, असंही समजू नका. ऑगस्टात तिथे खोलीभाडं आभाळाला भिडतं, कित्येक कलाकार कर्ज घेऊन परततात. चाळणी आहे, फक्त ती पैशाची.

स्नेहलतागंजची_सून

मग इंदुरात करा की! सराफा बाजार आहे ना. दिवसा सोनं, रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर खाणं. एक जागा दोन धंदे, हेच तर फ्रिंज. आणि दहीबडा हवेत उडवून झेलणारा माणूस? त्याच्याइतका गर्दी धरून ठेवणारा सोलो कलाकार दाखवा.

गराडू_प्रेमी

हातात गराडू (तळलेला मसालेदार कंद हो!) घेऊन नाटक बघू, मंजूर.

स्नेहलतागंजची_सून

ऑगस्टात गराडू? थंडीत मिळतो तो. भुट्ट्याचा कीस म्हणा.

गराडू_प्रेमी

हिवाळ्यातच ठेवा ना मग. कोणी सांगितलं ऑगस्टच पाहिजे? आणि कीस घरचाच चांगला, सराफ्यात दूध कमी घालतात.

स्नेहलतागंजची_सून

आमच्या सासूबाई पण हेच म्हणतात आणि दर शनिवारी तिथेच उभ्या असतात.

जुनी_इंदुरी

धागा नाटकाचा आहे. जीरावण मसाला बाजूला ठेवा.

तिसरी_घंटा

नाही, बोलू द्या त्यांना. हीच तुमची फ्रिंज! त्या कढयांच्या आवाजात तुमची ती फ्रिजवाली मुलगी कुणाला ऐकू येणार? आणि नाटक कुठल्या भाषेत? आजकालची मराठी पोरं कॉमेडी हिंदीतच करतात. लाज वाटते मराठीची.

विंगेतला

लाज नाही काका, प्रेक्षक नाही. स्टँड-अप कॉमेडियन झाकिर खान इंदूरचाच. २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीत उभा राहिला. तुम्ही मराठीतल्या किती ओपन माइकला, म्हणजे कुणीही माइक घेऊन उभं राहायच्या कार्यक्रमाला, गेलात? एक सांगा. एकच.

तिसरी_घंटा

वैयक्तिक होऊ नका.

विंगेतला

पाच जणांना भिकार ठरवलं ते वैयक्तिक नव्हतं?

तिसरी_घंटा

बरं, विचारलंच आहे तर. माझा धाकटा विजयनगरच्या एका कॅफेत दर गुरुवारी करतो. हिंदीत. मी गेलेलो नाही. तो बोलावत नाही, मी विचारत नाही. त्याची आई जाऊन आली. म्हणाली, सहा मिनिटं तुमच्यावरच होतं.

जुनी_इंदुरी

...आणि तुम्ही स्कॉटलंडला जाऊन पंधरा पौंड भरलेत.

तिसरी_घंटा

खोचकपणा पुरे. माझा मुद्दा तसाच आहे, चाळणी हवीच. पण एवढी हौस असेल तर आमची गच्ची रविवारी रिकामी असते. पंचवीस खुर्च्या आहेत, फ्रिज नाही. पोराला मी सांगतो, तुम्ही तुमची मंडळी आणा. एक मात्र आधीच सांगून ठेवतो, पाच मिनिटांत कंटाळलो तर उठून खाली जाईन.

स्नेहलतागंजची_सून

काका, तुमच्या गच्चीचा जिना एकच आहे. आणि स्टेज त्याच्याच तोंडाशी लावणार आम्ही.

गराडू_प्रेमी

खायला काय आहे?