वाड्याचं जुनं सामान नव्या घरात वापरता येईल का?

सातारकर_७८: आमचा वाडा उतरवतोय, सागवानी तुळया, खांब, मंगलोरी कौलं आणि हजारो विटा निघतायत, काँट्रॅक्टर म्हणतो भंगारात द्या, नवीनच घ्या. जीव होत नाही हो. काय ठेवू, काय देऊ?

जोतं_ते_छप्पर: भंगारात अजिबात देऊ नका, तो सागवान नंतर कुठल्या दुकानात आणि काय भावाला जातो ते बघा एकदा! फक्त कापायच्या आधी लोहचुंबक फिरवा, आत जुने खिळे असतात, आमच्या सुताराचं करवतीचं पातं पहिल्याच तुळईत गेलं. टोकं भिंतीत असतात, तिथे ओल आणि वाळवी, तेवढा हातभर भाग कापून टाका.

मिस्त्रीचा_पोरगा: विटा चुन्यातल्या असतील तर सहज साफ होतात, सिमेंटमधल्या असतील तर वीटच फुटते. दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत वाजली तर ठेवा, बद्द वाजली तर भरावात. लोड बेअरिंगला, म्हणजे छताचा भार घेणाऱ्या भिंतीला नको, कंपाउंडला किंवा पार्टिशनला वापरा.

सातारकर_७८: आणि तुटका स्लॅब? नव्वदच्या दशकात मागे एक खोली वाढवली होती.

जोतं_ते_छप्पर: क्रश करून पीसीसीत, म्हणजे सळ्या नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये, चालतो. आयएस ३८३ (काँक्रीटच्या खडी-वाळूचं भारतीय मानक) च्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे साध्या काँक्रीटमध्ये जाड खडीच्या २५ टक्क्यांपर्यंत, आरसीसीत (सळ्यांच्या काँक्रीटमध्ये) २० टक्के आणि तेही एम२५ या मजबुतीच्या ग्रेडपर्यंतच. पण एका खोलीसाठी क्रशरचा खर्च कशाला, जोत्यात भरा न् मोकळे व्हा.

सातारकर_७८: कौलं उद्या मोजतो, पोरांना कामाला लावलंय.