अनुभव धागा : पाहुण्यांना जुनी दुबई कशी दाखवता?

शाळांना सुट्ट्या लागल्या की इथल्या मराठी घरांत पाहुण्यांची रीघ लागते. बुर्ज खलिफा आणि वाळवंटातली सफारी कोणीही एजंट दाखवतो. पण खाडीकाठची दुबई तुम्ही कशी दाखवता? काय सांगता, लोक कुठे कंटाळतात, सगळं लिहा. वर आपण राहता तो भाग टाका.

सुरुवात मी करते. आधी अब्रा, म्हणजे खाडी ओलांडणारी छोटी होडी! एक दिरहम देऊन बर दुबईहून देऱ्याला. सासरे बसल्याबसल्या म्हणाले, "ही तर आपली भाऊच्या धक्क्याची लाँच!" पुढचं सगळं त्यांना आपोआप जवळचं वाटलं.

करामा

पाहुण्यांचं ठरलेलं वाक्य : "तेलाचा पैसा हो सगळा!" मग मी खाडीकडे बोट दाखवतो. जपानी कल्चर्ड मोती आले, त्यातच जागतिक मंदी, आणि इथला मोत्यांचा धंदा बसला. वर खाडी गाळानं भरत चाललेली, मोठी गलबतं आत येईनात. दुबईचे तेव्हाचे राज्यकर्ते शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज काढून 1959 च्या सुमारास ती उपसायला घेतली. दुबईत तेल सापडलं 1966 मध्ये! म्हणजे आधी कर्ज, आधी व्यापार, तेल नंतर. हे ऐकून माझे एक काका (आयुष्य बँकेत गेलेलं) तिथेच व्याजाचा दर विचारत बसले.

बर दुबई

मी नोटांवरून सुरू करते. 1966 पर्यंत इथे आपला रुपया चालायचा. रुपये देऊन सोनं घ्यायचं आणि ते चोरून मुंबईच्या किनाऱ्याला लावायचं, यात भारताचं परकीय चलन जायचं. म्हणून 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि इथल्यांनी रुपया सोडला. गंमत म्हणजे दुबईत सोन्याचा व्यापार कायदेशीरच होता. दहा तोळ्यांची बिस्किटं तस्करीची व्हायची ती आपल्या हद्दीत शिरल्यावर. साठीच्या पुढचे पाहुणे इथे हमखास खुलतात, प्रत्येकाकडे तस्करीचा एक तरी किस्सा असतोच.

शारजा

थोडं विरोधी मत. बस्तकिया (खाडीकाठची जुनी वस्ती, आता अल फहिदी) मलाही आवडतं. इराणच्या किनाऱ्यावर जकात वाढली म्हणून तिथले व्यापारी इकडे आले, त्यांनी वारा घरात ओढणारे मनोरे, म्हणजे बारजील, बांधले, सगळं खरं. पण जुलैत दुपारी नेऊ नका हो! आमच्या आत्यानं बारजीलखाली उभं राहून विचारलं, "एसी कुठाय?"

देरा

कॉलेजातल्या भाच्याला इतिहास नको होता. त्याला थेट खाडीवरच्या मालवाहू गलबतांच्या धक्क्यावर नेलं. फ्रिज, टायर, कापडाचे गठ्ठे, सगळं उघड्यावर रचलेलं, इराण नि सोमालियाला निघालेलं. तासभर हलला नाही. मला विचाराल तर आख्ख्या दुबईत बघण्यासारखं हे एकच.

जेबेल अली

बर दुबईचं 1958 चं शिवमंदिर 2024 च्या सुरुवातीला आमच्याकडे हलवलंय, ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवा. मंदिराच्या जुन्या बोळात फुलांसाठी मात्र अजून जाता येईल.

पुन्हा बर दुबई

शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी बरीच दुकानं बंद असतात, संध्याकाळी न्या. आणि गोल्ड सूकमध्ये (सोन्याच्या बाजारात) वहिनींना आधीच बजावा : सोन्याचा भाव ठरलेला असतो, घासाघीस मजुरीवर करायची.