दादाच्या गालाचा कॅन्सर: आधी ऑपरेशन की आधी शेक (रेडिएशन)? लवकर सांगा

बालाघाट: मोठ्या भावाचा बायोप्सीचा रिपोर्ट काल आला, कॅन्सर निघाला. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशनच. दुसरे म्हणतात जबडा जाईल, चेहरा बिघडेल, त्यापेक्षा शेक घ्या. घरात दोन तट पडलेत, वहिनीने दोन दिवस अन्न घेतलेलं नाही. सोमवारी सांगायचं आहे. आधी काय करायचं एवढंच सांगा.

रेवती_क: गाल आतून ना? वय? गाव? मानेला गाठ लागते का? स्टेज काय?

बालाघाट: आतून, डावीकडे. 46. लातूर जिल्हा. रिपोर्टवर स्टेज नाही, कॅन्सरचं नाव स्क्वॅमस सेल कार्सिनोमा लिहिलंय.

रेवती_क: बायोप्सीत स्टेज नसते. कॅन्सर आहे का आणि कुठल्या जातीचा, तेवढंच त्यात कळतं. किती पसरलाय ते स्कॅनवर दिसतं. आधी तो करा.

शिवार७७: माझ्या सासऱ्यांना 35 शेक दिले, सुरीसुद्धा लावली नाही. सहा वर्षं झाली, शेतात जातात. कापाकापीच्या नादी लागू नका.

कुंदा_बार्शी: सासऱ्यांना कुठे होता?

शिवार७७: स्वरयंत्राला. तोही घशाचाच ना.

कुंदा_बार्शी: नाही हो भाऊ, इथेच माणसं फसतात. स्वरयंत्राचा लवकर सापडला तर शेकावर बरा होतो, आवाजही राहतो. गाल, जीभ, हिरडी यांचं तसं नाही. काढता येण्यासारखा असेल तर आधी ऑपरेशन, मग गरजेप्रमाणे शेक.

आमच्या यांचं 2019 साली झालं. अर्धा खालचा जबडा काढला आणि त्याच दिवशी पायातलं हाड घेऊन नवा बसवला. नऊ-दहा तास आम्ही बाहेर. मानेतल्या गाठी त्याच वेळी काढल्या. तपासणीत एका गाठीच्या आवरणाबाहेर रोग आलेला निघाला म्हणून शेकासोबत सिस्प्लॅटिन या औषधाची किमो लागली. शेक सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हायलाच हवा, हे डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं. चौथ्या आठवड्यात तोंड इतकं सोललं की पाणी उतरेना. नाकातल्या नळीतून पेज, ताक, गाळलेलं आंबील दिलं. नळीला घाबरू नका, तिच्यामुळेच वजन टिकलं.

मोगरा: मुलींना एचपीव्ही विषाणूविरुद्धची लस द्या सगळ्यांनी. घशाच्या काही कॅन्सरचं कारण तो विषाणूच असतो.

रेवती_क: लस चांगलीच आहे, पण यांना सोमवारपर्यंत ठरवायचंय.

माळरान: आमच्या भागात एक वैद्य लेप देतात. 21 दिवसांत जखम सुकते. एकदा दाखवायला काय हरकत आहे?

अनिता_पाटस: हरकत आहे. आमच्या अण्णांनी असाच लेप तीन महिने लावला. जखम वरून सुकली, आत मानेत गाठ वाढत राहिली. मुंबईला नेलं तेव्हा ऑपरेशनची वेळ गेली होती. हात जोडते, हे कुणाला सुचवू नका.

माळरान: मी वाईट हेतूने नाही लिहिलं.

अनिता_पाटस: माहीत आहे. आम्हालाही चांगल्या हेतूनेच सांगितलं होतं.

शिवार७७: गुटखाबंदी 2012 सालची. आमच्या शाळेसमोरच्या टपरीवर आजही मिळतो. त्यावर कोण बोलणार?

बालाघाट: दादा गुटखा नाही, तंबाखू-चुना खायचा. सीटी स्कॅन झालाय हो, बारा दिवस झाले. तो सगळेच करतात म्हणून लिहिलं नाही. त्यात डावा जबडा झिजलाय, मानेत त्याच बाजूला 2.2 सेंटिमीटरची गाठ. आज डॉक्टर चौथी स्टेज म्हणाले. मग आता काहीच नाही का?

रेवती_क: हे पहिल्यांदाच लिहायचं! चौथी म्हणजे संपलं असं नाही. तोंडाचा कॅन्सर हाडात शिरला की चौथीतच धरतात, फुप्फुसात वगैरे गेला नसला तरी. यातले बरेच ऑपरेशनला योग्य असतात. पण हाड झिजलं असताना नुसत्या शेकावर भिस्त ठेवू नका. सर्जन, शेकाचे डॉक्टर आणि किमोचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात अशाच ठिकाणी जा. मुंबईत परळचं टाटा, किंवा जवळ बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल.

दंतवैद्य_सातारा: शेक सुरू होण्याआधी सगळे दात तपासून घ्या, किडलेले आधीच काढा. शेकानंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडण्याची भीती असते. तोंड किती बोटं उघडतं?

बालाघाट: दोन. पैशाचं काय? चार एकर कोरडवाहू आहे.

कुंदा_बार्शी: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत मिळतं. रेशन कार्ड, आधार न्या आणि आरोग्यमित्राला गाठा, प्रत्येक योजनेच्या दवाखान्यात असतो. मुंबईला गेलात तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, आम्ही तिथेच राहिलो. आणि बायोप्सीच्या स्लाइड व तो तुकडा ठेवलेला मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्या. टाटात ते परत तपासतात. आम्ही नुसता कागद नेला, त्यात चार दिवस गेले.

बालाघाट: लॅबवाल्याला फोन केला, उद्या सकाळी देतो म्हणाला. ताई, तुमचं वहिनीला वाचून दाखवलं. ती विचारते, तुमचे मिस्टर आता भाकरी खातात का?

कुंदा_बार्शी: दुधात कुस्करून खातात. कडक नाही जमत. तोंड उघडावं म्हणून रोज आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरायला लावायचे, आठवड्याला एक काडी वाढवायची. वहिनींना म्हणावं, आधी स्वतः जेवा. नळी सांभाळायला अंगात ताकद लागते.