कॅडिलॅकला जपान्यांनी मारलं म्हणे!

हुडखाली:
एका ग्रुपवरची पोस्ट फिरत फिरत माझ्याकडे आली. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं, की कॅडिलॅक (जनरल मोटर्स, म्हणजे जीएमचा महागड्या गाड्यांचा ब्रँड) पहिल्यापासूनच नुसती पंखवाली, क्रोमने मढवलेली, आतून पोकळ गाडी. म्हाताऱ्या अमेरिकनांनी ती उगाच डोक्यावर घेतली, १९८९ ला टोयोटाची लेक्सस आली आणि फुगा फुटला, आणि आता फॉर्म्युला वनवर पैसे उधळून मड्याला पावडर लावणं चाललंय. खाली अंगठ्यांचा पाऊस. डोकं फिरलं म्हणून इथे लिहितोय, तिथे रंग आणि मायलेज सोडून कोणी काही बोलत नाही.

पहिल्यापासून पोकळ? अरे १९०८ ला लंडनमधल्या तीन कॅडिलॅक ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नेऊन पार नटबोल्टपर्यंत खोलल्या, सगळे पार्ट एकमेकांत मिसळले, त्यातले काही काढून घेऊन त्याजागी स्टॉकमधले घातले, आणि नुसते पाने आणि स्क्रूड्रायव्हर वापरून परत तीन गाड्या उभ्या केल्या. घासाघाशी करायची नाही. वर त्या ५०० मैल पळवून दाखवल्या. त्या काळात एका गाडीचा पार्ट दुसरीत बसवायचा म्हणजे फिटर कानस घेऊन बसायचा! कॅडिलॅकचा संस्थापक हेन्री लेलँड हा बंदुकांच्या कारखान्यात मापं शिकलेला माणूस, त्याला असलं चालायचंच नाही. त्याबद्दल ब्रिटनच्या ऑटोमोबाइल क्लबची ड्युअर ट्रॉफी मिळाली, पुढे १९१२ च्या मॉडेलला चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरचा सेल्फ स्टार्टर लावला त्याबद्दल परत मिळाली. हँडल मारून मनगटं मोडून घेण्याचे दिवस त्या स्टार्टरने संपवले. १९१५ ला व्ही-८, १९३० ला व्ही-१६.

आणि मारलं कोणी? स्वतःच. १९८१ ला व्ही-८-६-४ इंजिन, गरज नसेल तेव्हा सिलिंडर बंद करणारं. कल्पना उत्तम, पण तेव्हाच्या कॉम्प्युटरला ते झेपेना, लोक मेकॅनिककडे जाऊन वायर काढून टाकायचे आणि आठही सिलिंडरवर चालवायचे. त्याच वर्षी सिमरॉन आली. म्हणजे शेव्हरोले कॅव्हेलियर, वर लेदर सीट आणि कॅडिलॅकचा बिल्ला, किंमत बारा हजार डॉलर. साधं वरण बासुंदीच्या वाटीत वाढलं म्हणून बासुंदीचे पैसे कोण देईल? लेक्सस यायच्या आधी आठ वर्षं हे चालू होतं. पेशंट आयसीयूत होता, जपानी नुसते भेटायला आले.

आकडेमोड:
भावना पोचल्या. पण तुम्ही सरकारला सोडून दिलंत. १९७३ चं तेलसंकट, मग १९७५ चा कायदा, कंपनीच्या सगळ्या गाड्यांचं सरासरी मायलेज १९७८ ला १८ आणि १९८५ ला २७.५ मैल प्रति गॅलन हवं. ज्यांचं इंजिन ८.२ लिटरचं होतं त्यांनी काय करायचं? १९७६ च्या कॅडिलॅक एल्डोराडोत एवढ्या मोठ्या इंजिनातून १९० हॉर्सपॉवर निघत होती, धुराचे नियम पाळता पाळता त्याचा जीव गेला होता. सिलिंडर बंद करणं काय, छोटी इंजिनं काय, सगळं त्याच घाईतून आलं. एखाद्याचा हात पिरगळायचा आणि मग अक्षर वाईट आलं म्हणून ओरडायचं, हे बरं नाही.

हुडखाली:
आकडेमोड, मग मर्सिडीजला वेगळं सरकार होतं का अमेरिकेत? तोच कायदा.
आणि तुमच्याच लाडक्या आकड्यांत बघा. १९७७ ला मोठ्या कॅडिलॅक आखूड आणि बऱ्याच हलक्या केल्या, तरी १९७८ ला साडेतीन लाखांच्या आसपास विकल्या गेल्या. म्हणजे लहान करण्यानं गिऱ्हाईक पळत नव्हतं, नीट लहान केलं की घेत होतं. सिमरॉनच्या वेळी हिशेबनिसांनी ठरवलं की नवीन गाडी बनवायला पैसे कशाला, आहे तिलाच बिल्ला लावा.

आकडेमोड:
मर्सिडीज दंड भरत होती. कायद्यातच सोय होती, दंड भरा आणि मोठी गाडी विका. जीएमला अमेरिकन कंपनी म्हणून ते मान खाली घालण्यासारखं वाटायचं. १९७७ चा मुद्दा घ्या तुमच्याकडे, तेवढा देतो. सिमरॉनची बाजू मी घेतलेलीच नाही, ती कोणीच घेऊ शकत नाही.

ट्रॉयचे_काका:
मी १९७९ पासून मिशिगनमध्ये आहे. तुमच्यापैकी किती जण त्या जुन्या मोठ्या कॅडिलॅक फ्लीटवूडमध्ये बसलेत? माझ्या एका मित्राकडे होती, गडद लाल, आत वेलूरच्या सीट, गुडघे पसरून बसा. आय-९४ नं शिकागोला निघालो की बॉनेटच्या टोकावर ते पानांच्या माळेतलं चिन्ह उभं, आणि त्याच्या पलीकडे रस्ता जणू आपणहून खाली येतोय. थर्मासच्या झाकणात चहा ओतून डॅशबोर्डवर ठेवायचो, हिंदकळायचा नाही. मागे बायका झोपलेल्या. ती लक्झरी होती!! ती संपवली तुमच्यासारख्या हुडखाली डोकं घालणाऱ्यांनी. २००८ ला सीटीएस-व्ही ही पळणारी कॅडिलॅक जर्मनीत नेऊन नुरबुर्गरिंगच्या ट्रॅकवर ८ मिनिटांच्या आत पळवली म्हणे, ७ मिनिटं ५९ सेकंद. अहो पण कोणासाठी? इथल्या ट्रॉय गावातल्या डेंटिस्टला तिथे जायचंय का? बीएमडब्ल्यू व्हायच्या नादात घरचंही गेलं.

हुडखाली:
काका, १९५० ला दोन कॅडिलॅक ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत धावल्या होत्या, १० वी आणि ११ वी. १० वी आलेली तर जवळजवळ शोरूममधूनच नेलेली सीरिज ६१ कूप. पळणं हे बीएमडब्ल्यूकडून शिकलेलं नाही त्यांनी. तुमची फ्लीटवूड छानच असणार, पण तिच्या पुढच्या पिढीत ४.१ लिटरचं १२५ हॉर्सपॉवरचं इंजिन घातलं, एवढ्या मोठ्या गाडीत, चढावर लाज वाटायची. मऊ गादी होती तेवढी, बाकी काय?

नऊवारी_नोव्हाय:
काका, एक विचारू का? एवढी आवडायची तर घेतली का नाही? तुमची टोयोटा कॅमरी होती ना?

ट्रॉयचे_काका:
तीन मुलांची कॉलेजं होती म्हणून नाही घेतली. कॅमरी काय वाईट आहे?

नऊवारी_नोव्हाय:
वाईट नाहीच. पण आपल्या अख्ख्या पिढीनं कोरोला, कॅमरी, फार फार तर सिएना घेतली आणि आता कॅडिलॅकच्या नावानं गळे काढतायत. आणि नुसते पैसे नव्हते म्हणू नका. शोरूममध्ये जायची भीती पण होती. मी गेले होते एका महागड्या गाड्यांच्या शोरूममध्ये, कुठल्या ते सांगत नाही. नोकरी माझी, पगार माझा, गाडी माझी. सेल्समन संपूर्ण वेळ नवऱ्याशी बोलत होता. नवरा बिचारा छताकडे बघत होता. मी किंमत विचारली तर उत्तर नवऱ्याला, वर विचारलं की बजेटबद्दल घरी चर्चा झालीय का! उठले आणि निघाले. गाडीचं नाव इंजिनावर ठरतं असं वाटतं ना तुम्हा लोकांना, ते दारात ठरतं.

ट्रॉयचे_काका:
झालं सुरू. गाडीच्या धाग्यात हे कशाला?

शिवडीकर:
विषय निघालाच आहे तर सांगतो, जीएमचा भारतातला पहिला कारखाना आमच्या शिवडीला होता, १९२८ ला सुरू, शेव्हरोलेची जुळणी व्हायची, १९५४ ला बंद. माझे पणजोबा तिथे होते. नंतर तळेगाव काढलं, २०१७ ला भारतात गाड्या विकणं थांबवलं, २०२० च्या डिसेंबरला तळेगावचं उत्पादन बंद, आता तिथे ह्युंदाई. या कंपनीला कुठेच टिकता येत नाही, आणि तुम्ही कॅडिलॅक कोणी मारली यावर भांडताय!!

हुडखाली:
शिवडीकर, वेगळा धागा काढा प्लीज, खरंच वाचीन.

नऊवारी_नोव्हाय:
काका, हे कशाला ते सांगते. १९२९ च्या मंदीच्या आधी कॅडिलॅक कृष्णवर्णीय लोकांना गाडी विकायचीच नाही, धोरणच होतं. मग मुष्टियोद्धे, डॉक्टर, गायक, ज्यांच्याकडे पैसे होते ते एखाद्या गोऱ्या माणसाला वरकड पैसे देऊन त्याच्या नावावर गाडी घ्यायचे. १९३० च्या दशकात विक्री इतकी आटली की जीएममध्ये ब्रँड बंद करायची भाषा सुरू झाली. तेव्हा निकोलस ड्रेस्टॅट नावाचा सर्व्हिसचा माणूस, जर्मनीतून आलेला, त्यानं बघितलं होतं की सर्व्हिसला येणाऱ्या गाड्यांचे खरे मालक कोण आहेत. तो वरिष्ठांसमोर जाऊन म्हणाला, हे पैसे मधल्या गोऱ्यांच्या खिशात का घालताय, सरळ विका. विकल्या, आणि ब्रँड तगला. पुढे तोच कॅडिलॅकचा प्रमुख झाला. हुडखाली, तुमच्या ड्युअर ट्रॉफ्या तेव्हा कपाटात होत्या.

आकडेमोड:
गोष्ट छान आहे, पण मुख्यतः मॅनेजमेंटवर लिहिणाऱ्या पीटर ड्रकरच्या आठवणींतून आलेली आहे, तीही कित्येक वर्षांनी लिहिलेल्या. १९३४ नंतर बाजारच सुधारत होता. नेमका वाटा किती याचा पुरावा दाखवा.

नऊवारी_नोव्हाय:
काका इथे चहा हिंदकळत नव्हता म्हणून सांगतात त्याचा पुरावा मागितला नाहीत. माझ्याकडे मात्र लगेच!
घ्या. एबनी या कृष्णवर्णीयांच्या मासिकानं १९४९ ला संपादकीय लिहिलं, कृष्णवर्णीय लोक कॅडिलॅक का घेतात यावर. टीका व्हायची ना की घर धड नाही आणि गाडी बघा. ज्यांना चांगल्या वस्तीत घर मिळू देत नव्हते, हॉटेलात खोली देत नव्हते, त्यांना निदान रस्त्यावर तरी कोणापेक्षा कमी दिसायचं नव्हतं. विकलीच जात नसती तर संपादकीय लिहायची वेळ आली असती का?

ट्रॉयचे_काका:
प्रत्येक गोष्टीत वंशवाद शोधायची फॅशन आलीय. मला इतक्या वर्षांत कोणी कुठे अडवलं नाही.

नऊवारी_नोव्हाय:
अडवायला आत तर जायला हवं ना काका. तुम्ही बाहेरून मित्राच्या गाडीत बसलात.

ट्रॉयचे_काका:
वयाचा मान ठेवून बोलावं ही अपेक्षा. मी या देशात आलो तेव्हा खिशात काय होतं ते मला माहीत आहे. मित्राच्या गाडीत बसलो म्हणजे काय गुन्हा केला? तुम्हाला सगळं तयार मिळालं.

गप्प_बसवेना:
दोघंही जरा दमानं घ्या. पण ताईंच्या बाजूनं एक. कॅडिलॅकच्या एस्कलेड या मोठ्या एसयूव्हीचं काय झालं आठवा. १९९८ ला फोर्डची लिंकन नॅव्हिगेटर चालायला लागली म्हणून घाईघाईत जीएमच्याच जीएमसी युकॉनला कॅडिलॅकचा बिल्ला लावून बाजारात आणली, म्हणजे परत सिमरॉनचीच युक्ती. वर त्याच वर्षीचे विक्रीचे आकडे फुगवून लिंकनला मागे टाकल्याचं दाखवलं आणि नंतर माफी मागायची पाळी आली. आकडेमोड, यावर तुम्ही बोलला नाहीत. आणि एवढं करून ही गाडी चालली कोणामुळे? रॅपर आणि बास्केटबॉलवाले. डेट्रॉइटच्या एकाही मीटिंगमध्ये ते ठरलेलं नव्हतं. परत त्याच गिऱ्हाइकानं तारलं.

हुडखाली:
हं, एस्कलेडचं मला नावडतं पण खरं आहे. बिल्ला लावूनच केलेली गाडी आणि तीच चालली. माझा सिमरॉनचा मुद्दा त्यानं थोडा लंगडा होतो, कबूल, टाळ्या वाजवू नका. फरक एवढाच की युकॉन मुळात दणकट मोठी गाडी होती, कॅव्हेलियर नव्हती.

आकडेमोड:
माफीचं खरं आहे. १९९९ च्या मे मध्ये मागितली.
आता दाराचाच विषय असेल तर लेक्ससचं पण बोला. १९८९ च्या डिसेंबरात पहिल्याच गाडीत दोष निघाला, सगळ्या परत मागवाव्या लागल्या, साधारण आठ हजार. लोकांच्या घरून गाड्या नेल्या, दुरुस्त केल्या, धुऊन, टाकी भरून परत आणून दिल्या. नामुष्कीची जाहिरात करून दाखवली. त्याच काळात कॅडिलॅक काय करत होती? अलाँते या आपल्या दोन सीटच्या गाडीची बॉडी इटलीत ट्युरिनला पिनिनफरिनाकडे बनवून ७४७ विमानातून डेट्रॉइटला आणत होती. विमानाचे पैसे गिऱ्हाइकाच्या दारात खर्च केले असते तर? म्हणजे जपान्यांनी मारलं हे त्या पोस्टवाल्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. फक्त इंजिनानं नाही मारलं.

हुडखाली:
हे मात्र खटकलं, कारण पटलं. तरी पोस्टवाल्याला यातलं काहीही माहीत नव्हतं, त्याला श्रेय देऊ नका.
आणि फॉर्म्युला वनबद्दल कोणीच बोललं नाही. २०२६ पासून कॅडिलॅकचा अकरावा संघ, चालक पेरेझ आणि बोट्टास. मला तर आनंद आहे.

गप्प_बसवेना:
इंजिन फेरारीचं आहे सुरुवातीला. व्ही-८, व्ही-१६ करणाऱ्यांनी उसनं इंजिन घेऊन पळायचं? म्हणजे परत बिल्लाच ना?

हुडखाली:
स्वतःचं इंजिन पुढे येणार आहे. थांबा की जरा.

ट्रॉयचे_काका:
तोपर्यंत मी असलो तर सांगा.

नऊवारी_नोव्हाय:
असं बोलू नका हो. शनिवारी मी कॅडिलॅकची लिरिक बघायला जातेय, येता का? गादी मऊ आहे की नाही ते तुमच्याशिवाय कोण सांगणार.

ट्रॉयचे_काका:
येतो. पण किंमत तूच विचार, मी तोंड उघडणार नाही. त्यानं माझ्याकडे बघून उत्तर दिलं तर आपण दोघं उठायचं.

आकडेमोड:
लिरिक इलेक्ट्रिक आहे हे लक्षात आहे ना? साडेसात हजार डॉलरची सरकारी सवलत २०२५ च्या सप्टेंबरला संपली. घरी चार्जर बसवायचा खर्च वेगळा. आधी हिशेब करा, मग गादीवर बसा.