तासाला अडीच हजार घेणाऱ्याने मिक्सर दुरुस्त करत बसावं का?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज गुरुवार म्हणजे लाईट गेलेली, क्लायंटचा कॉलही पुढे ढकललाय, म्हणून बसलोय टाईप करत.

मी चिंचवडला राहतो, वय ३८, बायको शाळेत शिक्षिका, मुलगी सात वर्षांची. अकरा वर्षं कंपनीत काढली आणि गेली चार वर्षं फ्रीलान्स करतोय, बॅकएंडचं (सॉफ्टवेअरच्या पडद्यामागचं) काम, दोन क्लायंट परदेशातले आणि एक इथला, जो बिल पाठवल्यावर नव्वद दिवसांनी पैसे देतो आणि वर मलाच विचारतो की तुम्ही एवढे मेल का टाकता. रेट तासाला २५००, वर्षाला साधारण ९०० तास बिल होतात, त्यातले २०० इथल्या क्लायंटचे.

आता मुद्दा. मागच्या वर्षी घरचा मिक्सर बंद पडला, म्हणजे मोटर फिरायची पण जारमधलं पातं जागचं हलायचं नाही. मी फोन काढला, साडेचार हजारांचा नवीन दिसला, मनात हिशोब केला की हे तर दोन तासांचं बिलिंग पण नाही, आणि ऑर्डर टाकून मोकळा झालो, जुना माळ्यावर ठेवायला स्टूल घेऊन चढलो तर तिथे जागाच नाही. त्याच्या आधीचा मिक्सर, दोन मेकॅनिकल कीबोर्ड, एअर फ्रायर, पाय दाबायचं मशीन (दोनदा वापरलं), तीन राऊटर, आणि या सगळ्यांची रिकामी खोकी, का तर वॉरंटीला लागतील. खाली बसून मी प्रत्येक वस्तूचे तास मोजले. एक तास, दोन तास, सव्वा तास. घेताना प्रत्येक वेळी हाच हिशोब केला होता की माझा वेळ महाग आहे, वस्तू स्वस्त आहे.

मग जून-जुलैत एका परदेशी क्लायंटचं काम अचानक थांबलं. करायला काही नव्हतं, म्हणून जुना मिक्सर कापडी पिशवीत घालून पीसीएमसी स्टेशनवरून मेट्रोने मंडईला उतरलो आणि चालत पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे विजेच्या वस्तूंच्या बाजारात गेलो. तिथल्या माणसाने मिक्सर उलटासुद्धा केला नाही, वरची काळी चक्री बोटाने फिरवली, म्हणाला कपलरचे दात गेलेत. मिक्सर बदलायची गरजच नव्हती हो. ६० रुपये. घरातून निघून घरी परत यायला तीन तास लागले, म्हणजे माझ्या हिशोबाने साडेसात हजार बुडवून मी साठ रुपयांचं काम करून आलो. पण त्या महिन्यात मला तासाला अडीच हजार देत कोण होतं?

ते डोक्यात बसलं ते बसलंच. तेव्हापासून दहा मिनिटांत सामान आणणारी ॲपं काढून टाकली, स्विगी-झोमॅटो महिन्यात एकदा, कपडे दिवाळीलाच. घराचा हप्ता धरून महिन्याचा खर्च १ लाख १० हजारावरून ७२ हजारावर आलाय.

आता प्रश्न असे की, खर्च कमी झालाय तर काम पण कमी करावं का, की चांगले दिवस आहेत तोवर ओढून घ्यावं? बायको म्हणते मुलगी दहावी होईपर्यंत असले प्रयोग नकोत. दुसरं, सासुरवाडी वाईची, तिथे घाटावर संध्याकाळी बसलं की वाटतं इथेच यावं, हे खूळ आहे का? आणि तिसरा प्रश्न हसू नका, पुढच्या महिन्यात मुलीचा वाढदिवस आहे, सोसायटीतली २२ पोरं येणार, रिटर्न गिफ्टचं काय करू?

गिरणगावकर

हसणार नाही, पण थोडं बोलणार.

लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण होतो. वडील गिरणीत, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत. संप काही मिटला नाही आणि वडिलांना गिरणीने परत घेतलं नाही. त्यानंतर आमच्याकडे जे झालं त्याला आता साधी राहणी म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आई जुन्या साड्या साठवायची आणि बोहारीण आली की अर्धा अर्धा तास घासाघीस करून त्या बदल्यात एक पातेलं घ्यायची. बोहारीण म्हणायची ही साडी विरलीय, आई म्हणायची विरली असती तर गोधडीत घातली असती, तुला कशाला दाखवली असती. तुमचा माळा भरायला चार वर्षं लागली, आमच्याकडे माळ्यावर माझा मोठा भाऊ झोपायचा.

तुम्हाला टोमणा मारत नाहीये (मारतोय थोडा). सोडायला हातात काही असलं की सोडण्याची मजा असते, एवढंच. ७२ हजारात साधेपणा म्हणजे.. असो. पण स्वतः पिशवी उचलून तपकीर गल्लीत गेलात त्याचा एक मार्क देतो.

टेबलफॅन

मी ५९ वर्षांचा, मेनफ्रेम कॉम्प्युटरवर आयुष्य गेलं, शेवटची आठ वर्षं तुमच्यासारखंच सुटं काम केलं, म्हणून या तासाच्या भानगडीवर बोलायचा अधिकार घेतो.

अडीच हजार हा तुमच्या तासाचा भाव नाहीच. तो बिल झालेल्या तासाचा भाव आहे. ९०० तास गुणिले २५०० म्हणजे साडेबावीस लाख. दिवसाचे १६ तास जागे असता असं धरलं तर वर्षाचे ५८४० तास. भागा. ३८५ रुपये येतात, तेही टॅक्स आणि विम्याच्या आधी. रात्री नऊ वाजता सोफ्यावर मोबाईल घेऊन पडलेल्या माणसाला अडीच हजार कोणी देत नसतं, मग त्याने त्या भावाने खरेदी का करायची? मी पण हेच करायचो. रिक्षा, बाहेरचं जेवण, धोब्याकडे रुमालसुद्धा, सगळं 'माझा वेळ वाचतो' म्हणून, आणि वाचलेल्या वेळात क्रिकेटचे जुने सामने बघायचो.

अवांतर: लॅपटॉप बदलायची खाज आली तर आधी विचारा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये दोघांनी चांगले चालणारे लॅपटॉप भंगारात द्यायला काढले. एक मी आणला, विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स मिंट टाकलं, नातू त्याच्यावर स्क्रॅच (मुलांचं प्रोग्रामिंग) शिकतोय. मी स्वतः २०१८ चा थिंकपॅड टी४८० वापरतो, रॅमचे दोन स्लॉट आहेत, मागची बॅटरी खटका सरकवून हाताने निघते. एकदा बॅटरी बदलली, एकदा एसएसडी. स्क्रू फिरवायचा एक ड्रायव्हर लागतो, बस.

टीडीएस

सीए आहे, त्यामुळे भावना बाजूला ठेवून.

तुमचे आकडे बघून एकच सांगतो, तो नव्वद दिवसवाला क्लायंट सोडा. त्याचे २०० तास म्हणजे ५ लाख. ते गेले की तुमची वर्षाची उलाढाल साडेसतरा लाखांवर येते, सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे आणि त्यात निर्यात पण मोजतात, म्हणून आज तुम्ही नोंदणीत अडकलाय. परदेशी कामाला एलयूटी (हमीपत्र) देऊन शून्य टक्के लागतो, पण इथल्या क्लायंटच्या बिलावर १८ टक्के लागतात आणि ते बिल काढलं त्या हिशोबाने भरायचे असतात, त्याने पैसे दिले की नाही हे सरकार विचारत नाही. म्हणजे त्याचा टॅक्स दोन-तीन महिने तुमच्या खिशातून जातोय. हे माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांना माहीतच नसतं.

इन्कम टॅक्सचं म्हणाल तर जुन्या, १९६१ च्या कायद्याच्या कलम ४४ एडीए मध्ये व्यावसायिकाच्या उलाढालीतली निम्मी रक्कम नफा धरतात (रोखीत ५ टक्क्यांच्या आत घेत असाल तर ७५ लाखांपर्यंत चालतं). साडेबावीसचे निम्मे सव्वा अकरा लाख, नव्या रेजीममध्ये २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत रिबेट आहे, म्हणजे तुम्हाला आत्ताच टॅक्स शून्य बसतो. काम कमी करून टॅक्स वाचेल हा भ्रम नको, कागद कमी होतील एवढं खरं. माझ्या मते ते जास्त मोलाचं आहे पण मी सीए असून हे लिहिणं बरोबर दिसत नाही.

क्लायंट सोडायचाच नसेल तर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, फुकट आहे. मग सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांत (लेखी करार नसेल तर १५) दिलं नाही आणि मार्चअखेर थकलेलंच राहिलं तर त्या वर्षी त्यालाच ती वजावट मिळत नाही, १९६१ च्या कायद्याचं कलम ४३ बी (एच). बिलावर उद्यम नंबर छापा, त्यांचा अकाउंटंट स्वतः फोन करेल. आणि आरोग्य विमा कापू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, तेवढ्यात कव्हर वाढवून घ्या.

माजघर

अर्धविराम, मी २०२२ मध्ये ठाणं सोडून दापोली तालुक्यात राहायला आले, फ्रंटएंडचं (वेबसाईटच्या दिसणाऱ्या बाजूचं) काम करते, तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

गावात साधं राहायला सामान जास्त लागतं. ठाण्याला माझ्याकडे इन्व्हर्टर नव्हता, इथे दोन बॅटऱ्यांचा आहे. ठाण्याला स्कूटर नव्हती, इथे तिच्याशिवाय दूधसुद्धा येत नाही. नेटच्या दोन लाईनी, एक फायबर आणि एक सिमकार्डवाला डब्बा, कारण जुलैमध्ये फांदी पडली की वायरमन येईपर्यंत देवाला हात जोडायचे. घरमालकीण काकू अजून ३ जून २०२० चं निसर्ग वादळ सांगतात, नारळ-सुपारी आडवी झाली आणि कित्येक दिवस लाईट नव्हती, विहिरीचं पाणी हाताने. मी तेव्हा इथे असते तर माझे क्लायंट गेले असते.

शिवाय इथे काहीच फुकट नसतं. शेजारच्यांनी अर्धा फणस दिला की गरे काढून, आठळ्या वेगळ्या करून, तेलाने हात घासत बसायचं आणि चार दिवसांनी त्यांच्याकडे काहीतरी घेऊन जायचं, आणि त्यांच्या मुलाचा फॉर्म ऑनलाईन भरून द्यायचा. मला ते आवडतं. पण तास मोजणाऱ्या माणसाला वेड लागेल.

वाई त्या मानाने गाव नाहीच हो, शहरच आहे छोटं, दवाखाने आहेत, विश्वकोशाचं कार्यालय आहे, पुणे दोन-अडीच तासांवर. मे महिन्यात नका जाऊ, पावसात दोन महिने भाड्याने राहून बघा. शेतजमिनीचं डोक्यात असेल तर तुम्ही शेतकरी आहात का ते आधी बघा, सातबारावर नाव नसेल तर महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही.

खडीसाखर

सगळ्यांनी तास मोजले, कोणी बायकोचे मोजले का?

खर्च ३८ हजारांनी कमी झाला म्हणता. ॲपं बंद म्हणजे भाजी कोण आणतं, बाहेरचं बंद म्हणजे रात्रीचा स्वयंपाक कोण करतं? पोळ्यावाल्या मावशी अजून आहेत का? रागाने नाही विचारत, आमच्या घरी २०२३ मध्ये हेच 'साधं राहूया' झालं होतं, नवऱ्याने सगळे पॅकेटवाले मसाले बंद केले, आणि मी ऑफिसवरून येऊन गोडा मसाला भाजत होते. दगडफूल निवडत असताना एकदा रडले मी.

वाढदिवसाचं सोपं आहे. गेल्या वर्षी आम्ही प्रत्येक मुलाला ओल्या भेळेचा पुडा दिला, कागदात बांधलेला, पुड्यावर लेकाने स्वतः नाव लिहिलं, अक्षर वाकडं. भेळवाल्या काकांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं, २५ पुड्यांचे साडेसातशे झाले. पोरं जिन्यातच खात सुटली. एका आईने विचारलं 'एवढंच?' मी म्हटलं हो. मेले नाही.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार, लाईट तर त्याच दिवशी आली होती पण उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण खडीसाखर ताईंचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला ही चूक केली. ती काही बोलली नाही, नुसता फोन हातात घेऊन परत एकदा वाचला. मावशींना ऑगस्टमध्ये 'काही दिवस' म्हणून थांबवलं होतं. पोळ्या ती करत होती, मी 'आपण करतोय' असं म्हणत होतो. मावशी सोमवारपासून येतायत, पगार पाचशेने वाढवून, कारण मधल्या काळात त्यांनी दुसरं घर धरलं होतं. ७२ ऐवजी आता ७७ लिहा.

टेबलफॅन काका, ३८५ चा आकडा मॉनिटरला चिकटवलाय. बायको म्हणते तिचा पण काढा, शाळेचा पगार भागिले ५८४०. काढला. इथे लिहित नाही.

टीडीएस, तो १८ टक्क्यांचा मुद्दा मला खरंच माहीत नव्हता, मी भरत होतो आणि हिशोबाला काहीतरी चुकतंय एवढंच कळत होतं. परवा त्या क्लायंटला मेल टाकला की मार्चनंतर काम घेणार नाही. चार वर्षांत पहिल्यांदा पाच मिनिटांत उत्तर आलं, 'रेट वाढवून हवाय का'. दोन रात्री झोप नाही आली, शेवटी नको म्हणालो. पोटात अजून गोळा आहे. दहावीपर्यंतचा मुद्दा म्हणून बायकोशी ठरवलंय की एक वर्षाचा खर्च एफडीत बाजूला पडल्याशिवाय दुसरा कुठला क्लायंट सोडायचा नाही. वाईला जुलैत दोन महिने, शाळेचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये.

गिरणगावकर, तुमच्या आईची बोहारीण आमच्याकडे येत नाही पण माळ्यावरचं सामान काढलंय. पाय दाबायचं मशीन सासूबाईंनी मागितलं. राऊटर ई-कचऱ्यात.

गिरणगावकर

आणि नवीन मिक्सर?

अर्धविराम

तोच राहिलाय. आम्ही जुनाच वापरतोय, आवाज येतो पण चटणी होते. नवीन कुणाला हवा असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, पैसे नकोत, चिंचवडला येऊन घेऊन जायचा. तीन जार आहेत. छोट्या जारचं झाकण मुलीने खेळात हरवलंय, तपकीर गल्लीत मिळेल.